फरशी पुसणारी बाई

कॉलेजच्या गाण्याचा व्हिडिओ सरांनी मध्येच थांबवला. "ही फरशी पुसणारी बाई मागे कशाला? सगळी शोभा घालवली. काप तिला."

एडिटिंग करणारी मुलगी "बरं" म्हणाली आणि लॅपटॉप उचलून गेली.

आठवड्याने भरल्या सभागृहात गाणं लागलं. तीच बाई पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोछा ओढत गेली. पोछा फिरला तसं जिन्याचं दृश्य पुसलं गेलं आणि त्याजागी मैदान दिसलं. पुन्हा आली, मैदान गेलं, वर्ग आला. प्रत्येक कडव्याला हेच.

सर दात-ओठ खात त्या मुलीकडे आले. "कापायला सांगितलं होतं ना?"

"मागून कापली की, सर. आता पुढे आहे."

"पण का?"

 

"रोज माझ्या आईनं पुसल्याशिवाय तुमचा वर्ग सुरू होत नाही, मग माझं गाणं तरी का पुढे सरकावं?"