चाळिसावं पान

एका दिवसाच्या बोलीवर आणलेलं पुस्तक धोंडबा जिल्दसाजाने उसवलं आणि लवकर उतरवून व्हावं म्हणून इंदोरा वस्तीतल्या चाळीस घरी एकेक पान वाटलं. पाचाच्या आत शिवून परत द्यायचं होतं; एक पान जरी हरवलं तर वस्तीला पुन्हा कुणी पुस्तक देणार नव्हतं. चारपर्यंत एकोणचाळीस आली. तो म्हाताऱ्या सखूबाईच्या दारी पोचला.

“सुनेसाठी पान नेलं न वं? सून कुठं हाय?”

“थे तं माहेरी गेली.”

“मंग उतरवलं कोनं?”

“मीनं.”

अक्षरओळख नसलेल्या सखूबाईने नक्कल पुढे केली. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. कसरीने पाडलेलं भोकही तिने गोल रेखून काढलं होतं. मूळ पान मात्र तिने पदराआड धरलं.

“पयले वाचून दाखव गा, मंग नेजो.”