हाळी

“पाठ दाखवायची नाही, पोरी. पोटातून हाळी दे, कोल्हं पळतंय बघ!” जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून राखण करणाऱ्या बापाचा आवाज अनसूयाबाईंना आज कॅलिफोर्नियात आठवला.

मुलाच्या घरासमोरच, कोल्ह्याचा थोरला भाऊ शोभेल असा एक कायोटी वाट अडवून उभा होता. नजर मफिनवर. मुलाचं हे मूठभर कुत्रं सकाळ-संध्याकाळ त्याच फिरवायच्या. गुडघे कुरकुरायचे, त्या नाही.

“इथे मोठ्यानं बोलायचं नसतं हं, आई,” असं मुलानं आल्या दिवशीच बजावलं होतं.

अनसूयाबाईंनी थरथरतं कुत्रं पदरात घेतलं, पाय रोवले आणि अशी हाळी दिली, की कायोटी शेपूट घालून टेकडीकडे पळाला. घराघरांतले पडदे हलले.

मुलगा धावत बाहेर आला. त्याच्या कानात अजून ऑफिसची मीटिंग चालू होती. “आई! मफिनला लागलं नाही ना?”

“नाही रे बाबा.” कुत्रं त्याच्या हातात देऊन त्या तिथेच पायरीवर टेकल्या. “पण मी याला फिरवायला नव्हते आले, राजा. तुझ्याशी चार शब्द बोलता येतील म्हणून आले होते.”