एकशेऐंशी प्रश्न

"उत्तरं इतकी पक्की आहेत, की मीच चकित झाले," समुपदेशक बाई अहवालाचं पान उलटत म्हणाल्या. "या वयाची मुलं एका प्रश्नाला हो म्हणतात आणि तोच पुढे फिरवून विचारला, की नाही म्हणतात. हिचं तसं एकदाही झालेलं नाही."

आईनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. चिमी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

शाळा संपून पाच महिने झाले होते. मैत्रिणी एकेक करून मार्गी लागल्या आणि चिमी घरातल्या घरात हरवली. पुढे काय करायचंय विचारलं, की "तू सांग." काय खायचंय विचारलं, तरी "तू सांग." तिला आंघोळीला जरा वेळ लागला, तर आई दाराबाहेर नळाचा आवाज ऐकत उभी राहायची. विचारलं की पोरगी मिटून जायची, न विचारावं तर आईचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

शेवटी ही कलचाचणी. एकशेऐंशी प्रश्न, घरी बसून सोडवायचे. चिमीला तीन दिवस लागले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, पेन चावायची, मधूनच आईकडे टक लावून बघायची. आईनं जीभ आवरून धरली होती. निदान एवढं तरी पोरीचं पोरीला ठरवू दे.

"वस्तू बिघडली की टाकवत नाही, उघडून बघते," बाई वाचत होत्या. "चूक सापडेपर्यंत चैन पडत नाही. घरात आहे का कुणी असं?"

"अहो, माझ्यावर गेलीय!" आई कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "हिचे बाबा बल्ब बदलायलाही माणूस बोलावतात. आमच्याकडे पाना-पक्कड माझ्या ताब्यात."

चिमीही जराशी हसली.

"आणि हे नीट ऐका. बोलून दाखवणार नाही, पण बाहेर पडायची हिला फार ओढ आहे. चार भिंतींत राहिली, तर आतल्या आत कोमेजेल."

आईचे डोळे भरून आले. "इतकं सगळं मनात होतं, तर बोलायचं नाही का गं?"

चिमीनं मान खाली घातली.

दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला शिकवणारा तीन वर्षांचा अभ्यासक्रम बाईंनी सुचवला. परगावी, वसतिगृहात राहून. प्रवेशाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. संस्थेचं इथलं कार्यालय दोन गल्ल्या सोडून. मायलेकी जवळजवळ पळतच पोचल्या.

"सही झाली की बाकी सगळ्या अभ्यासक्रमांच्या याद्यांमधून नाव निघतं," कारकुनानं चष्म्यावरून बघत बजावलं. "उद्या रडत आलात, तर माझ्याकडे रुमालसुद्धा नाही. नक्की ना?"

चिमीनं आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस, बाई? शिकायचंय तुला!"

चिमीनं सही केली. खाली आईनं केली. कारकुनानं शिक्का मारला आणि खिडकी लावून घेतली.

बाहेर पायऱ्यांवरूनच आईनं नवऱ्याला फोन लावला. "अहो, सापडलं! आपल्या पोरीला तिचं तिला सापडलं!" तिकडून तो काहीतरी विचारत होता, पण तिला धड सांगताही येईना. फोन ठेवून ती वळली. चिमी पायरीवर बसली होती, चेहरा पांढराफटक.

"अगं, काय झालं?"

"आई, मला एकाही प्रश्नाचं उत्तर सुचत नव्हतं," चिमी म्हणाली. "म्हणून तू काय लिहिलं असतंस, ते लिहीत गेले."