नदीवरचा गोंगाट

"ड्रायव्हरसाहेब, मी आलोय हं बाजूला!"

बेकरीवाल्याच्या हाकेने सुकाणू धरलेल्या माणसाचं डोकं पुन्हा सणकलं. सकाळपासून हेच चाललं होतं. नोकरी होती तोवर त्याने भर गर्दीत बस चालवली. निवृत्त झाल्यावर ही छोटी मोटरबोट घेतली, ती कानांना जरा विश्रांती मिळावी म्हणून. आणि आज नदीवर निघालेल्या झाडून साऱ्या बोटींना त्याच्याशीच बोलायची हुक्की आली होती.

बेकरीवाला पुढे गेला न गेला तोच शिक्षिकाबाईंचा भोंगा वाजला. "काका, आम्ही जातोय हं पुढे!"

"जा की! नदी काय माझ्या बापाची आहे?" तो खेकसला.

बायको त्याच्या डाव्या हाताशी बसून संत्रं सोलत होती. तिने हसून बाईंना हात केला. तो आणखीच धुमसला. पण तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती. बोलण्यात बोलणं निघायचं आणि भलतंच तोंडातून जायचं. गेले काही महिने त्याचा डावा डोळा अधू होत चालला होता. त्या बाजूचा काठ धुक्यात बुडाल्यासारखा दिसे. हे बरं होणारं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात त्याने अवाक्षर काढलं नव्हतं. कळलं असतं, तर सुकाणू सुटलंच असतं हातातून.

दुपारी सगळ्यांनी बोटी एकमेकींना बांधून डबे उघडले. बेकरीवाल्याने गरम पाव त्याच्यापुढे धरला.

"पाव राहू दे. तोंडाला तेवढं कुलूप घाल," तो म्हणाला.

बेकरीवाल्याने मान खाली घातली. कुणी उलटून बोललं नाही. भांडायलाही कुणी मिळेना, म्हणून तो जास्तच चिडला. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. हाका, भोंगे, कुणीतरी मोठ्याने गाणं म्हणत गेलं.

संध्याकाळी त्याने बोट धक्क्याला लावली आणि इंजिन बंद केलं.

"पुढच्या वेळी सांगून ठेव त्यांना. मला शांतता हवी."

बायकोने दोर बांधला. "पुढच्या वेळी कुणी नाही ओरडणार. बोट मी चालवणार आहे."

"तू? आणि मला काय झालंय?"

"चहाचा कप डावीकडे ठेवला की हल्ली तुम्ही चाचपडता. मला दिसतं ते."

ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"आजचा दिवस सुकाणू तुमच्याच हातात राहावं, म्हणून सकाळी एकेकाला विनवलं मी. म्हटलं, डावीकडून जाल तेव्हा फक्त आवाज द्या."