वंगाळ नाव

"कंपाउंडरसाहेब, तुमचं नाव आमाला पायजे," रंगूबाई म्हणाल्या. "लय वंगाळ हाय."

शमुवेल रणपिसे मिशनच्या दवाखान्यात औषध बांधत होते. पुडी हातातच राहिली. तीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्यांच्या औषधांना बरीच नावं ठेवली होती. नावालाच नाव ठेवणारी ही पहिली बाई.

रंगूबाईंच्या मागे मुलगा सयाजी, सून शालू आणि शालूच्या खांद्यावर दीड महिन्याचं पोर. माधवनगरहून पहिली एस.टी. धरून आले होते. बाळंतपणात शालूला रक्त लागलं तेव्हा घरचे सात पुरुष हजर होते आणि सातही जणांना एकाएकी अशक्तपणा वाटू लागला होता. रक्त दिलं ते कंपाउंडरांनी.

सयाजी चाचरत म्हणाला, "आदीची तीन जगली न्हाईत. नावं चांगली ठेवली, दिष्ट लागली. धोंडू, केरू ठेवावं तर गल्लोगल्ली हायती; सटवाईला बी ठावं झाल्यात. तुमचं नाव गावात कुनाचं न्हाई. आन रगात बी तुमचंच."

"अहो, पण माझं नाव वंगाळ नाही," कंपाउंडर म्हणाले. "हिब्रू आहे. एका बाईनं रडून रडून देवाकडे मूल मागितलं, त्याचं नाव शमुवेल. देवाकडून मागून घेतलेला."

रंगूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे नवसाचा? झालं! येवढं चांगलं नाव कसं चालंल?"

"चालंल, आत्याबाई," शालू पहिल्यांदाच बोलली. "मागूनच घेतलाय की."

"त्येचंच भ्या वाटतंय, बाई." रंगूबाई कंपाउंडरांकडे वळल्या. "तुमच्या आईची किती गेली?"

"माझ्या आधी दोन."

"आन तुमी?"

"मला पुढच्या महिन्यात अठ्ठावन्न पुरी होतील. रिटायर होतोय."

"ह्याच नावानं?"

"ह्याच नावानं."

रंगूबाईंनी पोराकडे बघितलं, मग कंपाउंडरांच्या टकलाकडे. टेबलाला वळसा घालून त्या थेट आत गेल्या. आत येण्यास मनाई असल्याची पाटी होती, पण ती वाचता येणाऱ्यांसाठी. कंपाउंडरांच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून त्यांनी आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"आवं, वाका जरा. टक्कल ऱ्हायलं."

खिडकीबाहेर खोकणाऱ्यांची रांग वाढत होती. कंपाउंडर डोळे मिटून वाकले.