पाळीच्या बदल्यात धूर

भाईदासने आपल्या ट्रकची नंबरप्लेट काढली आणि तिथे रुपचंदच्या ट्रकची बसवली. रुपचंद शेजारी उकिडवा बसून पाने हातात देत होता.

"जळगावले हाईच काम एक कोंबडीमा व्हई जास," तो म्हणाला. "आनि तू पाळी मांगस! तुना धूर काय सोनाना शे?"

"मंग जाय ना जळगावले."

रुपचंद हसला. जाणार कुठे? साल चौऱ्याण्णव. आठ दिवसांत प्रत्येक ट्रकने धूर तपासल्याचा दाखला आणावा, असा धुळ्याच्या स्टँडवर हुकूम आला होता. बेचाळीस गाड्यांत साफ धूर एकट्या भाईदासच्या गाडीचा. दिवाळीतच त्याने इंजिन नवं केलं होतं. तपासणीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालायचा, प्लेटवरचा नंबर लिहायचा आणि दाखला फाडून द्यायचा. गाडी कोणाची, हे तो बघत नसे.

स्टँडवर माल पाळीने मिळे. ज्याला दाखला हवा त्याने आपली एक पाळी भाईदासला द्यायची, असा सौदा होता. भाईदासला पाळ्यांची गरज होती. त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, दोन वर्षांपासून दमा होता. घर स्टँडच्या समोरच. सकाळी गाड्या सुरू झाल्या की ती दार लावून घेई. तरी दुपारपर्यंत तिला धड बोलता येत नसे. दिवाळीला माहेरी पिंपळनेरला गेली, तेव्हा मात्र आठ दिवस नीट झोपली. भाईदासने तेव्हाच ठरवलं. पाळ्या हातात आल्या की खेपांवर खेपा मारायच्या. मग गाडी उभी करून तिला महिनाभर पिंपळनेरला ठेवायचं. एक महिना तरी तिला श्वास मिळेल.

आठ दिवसांत त्याने एक्केचाळीस गाड्यांच्या प्लेटा लावल्या.

पंधरवड्याने पोस्टमन आला. पाकीट सरकारी होतं आणि नाव प्रमिलाबाईचं होतं. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. पाकीट बघून तिने पदर सावरला.

"रागे भरू नका," ती म्हणाली. "तुम्ही सुरतले गयथात, तवय मी अर्ज करा. स्टँड गावबाहेर न्या म्हनी. तुमनाच धंदाना लोके, म्हनीसन तुमले सांगं नही. साहेब म्हने, गाड्या तपासूत. धूर जास्त निंघना ते स्टँड हालाडूत."

भाईदासने कागद उघडला.

"काय लिखेल शे? वाचा ना."

त्याने थांबत थांबत वाचलं. "आपल्या अर्जावरून स्टँडवरील सर्व बेचाळीस ट्रकच्या धुराची तपासणी करण्यात आली. सर्व गाड्यांचा धूर मर्यादेत आढळला. सबब स्टँड हलवण्याचे कारण दिसत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

बाहेर एक गाडी सुरू झाली. प्रमिलाबाईने पदर तोंडावर धरला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. मग तिने त्याच्या हातातून कागद घेतला आणि त्याची घडी केली.

"मंग गाड्यास्ना काही दोष नही," ती म्हणाली. "मनी छातीच खराब व्हई."