कातडीच्या रंगाची बाही

“बाही कुठाय, सिस्टर?”

प्रशासन अधिकाऱ्यांनी काचेवर पेन टकटकवून विचारलं. सिस्टरचे दोन्ही हात तेव्हा काचेच्या पेटीत होते. आतलं दीड किलोचं बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं आणि ती त्याच्या तळपायाला टिचक्या मारून त्याला आठवण करून देत होती. बाळाने श्वास घेतला, त्याचा रंग परत आला, मगच ती वळली. तोवर साहेबांनी तिच्या उजव्या हातावरच्या हिरव्या वेलीकडे तीनदा बघून तीनदा नाक मुरडलं होतं.

वेल मनगटापासून कोपरापर्यंत चढली होती. तिच्यामागे कसलीही करुण कहाणी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी सिस्टरला ती आवडली आणि तिने गोंदवून घेतली, बस्स. नऊ वर्षं त्याच हाताने तिने या वॉर्डातली बाळं सांभाळली होती आणि एकाही बाळाने तक्रार केली नव्हती. मग हे साहेब बदलून आले. महिन्याला चार-चार परिपत्रकं काढायचे, म्हणून वॉर्डात त्यांचं नावच ‘परिपत्रक’ पडलं होतं. दिसणारा टॅटू प्रत्येकाने ड्युटीवर झाकलाच पाहिजे, हे त्यातलं सगळ्यात लाडकं. सिस्टरला तर त्यांनी कातडीच्या रंगाची एक घट्ट बाही स्वतः आणून दिली होती. दिली ती दिली, वर मोठे उपकार केल्यासारखे हसलेही होते.

“बाही घालून बाळांना हात लावता येत नाही, साहेब. कितीदा सांगू? दर वेळी हात धुतले की ती भिजते. ओल्या कापडात जंतू बसतात. बेसिनवर कागद लावलाय तो वाचा. कोपरापर्यंत हात उघडे हवेत. खाली सही तुमचीच आहे.”

“मला नियम शिकवू नका. बाळांना काय कळतंय? पण नातेवाईक काचेतून बघत असतात. असला हात बघून त्यांना काय वाटेल?”

“बाळ जगलं की त्यांना बरं वाटतं.”

झालं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ड्युटी संपायच्या आत दुसरं ताकीदपत्र सिस्टरच्या हातात पडलं. तिसऱ्याला वॉर्ड सुटणार होता आणि तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये रवानगी होणार होती, फायलींच्या ढिगाऱ्यात. फायली काही श्वास घ्यायचं विसरत नाहीत. सिस्टर त्या दिवशी जेवली नाही. रागाने रडू येत होतं आणि रडू येतंय याचा आणखी राग येत होता.

पुढच्याच गुरुवारी साहेबांची मुलगी सातव्या महिन्यात बाळंत झाली.

नात जेमतेम नऊशे ग्रॅमची. दुपारी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना एकेक करून आत घ्या, बाळाला हात लावू द्या. डॉक्टरांचा तो सूर सिस्टरच्या ओळखीचा होता. असं ते सगळ्याच बाळांच्या बाबतीत म्हणत नसत.

साहेब आले. सिस्टर दारात उभी राहिली. तिसरं पत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडलंय, हे तिला सकाळीच कळलं होतं.

“घड्याळ काढा. अंगठी काढा. बाह्या कोपराच्या वर.”

साहेबांनी घड्याळ काढलं. अंगठी काढली. मनगटावरच्या बटणाशी त्यांचा हात थांबला.

“मी काचेतूनच बघतो,” ते म्हणाले.

“बाबा!” चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्यांच्या मुलीने हंबरडाच फोडला. “हात लावा ना तिला. डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंत ना?”

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे लेकरू जाईल की राहील ठाऊक नाही आणि या माणसाला शर्टाची घडी प्यारी!

“नियम तुमचाच आहे, साहेब,” ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी म्हणाली. “आत यायचं तर बाह्या वर करा. नाहीतर बाजूला व्हा, मला कामं आहेत.”

साहेबांनी डावी बाही वर केली. मग बऱ्याच वेळाने उजवी.

मनगटापासून निम्म्या हातापर्यंतची कातडी चकचकीत होती, ओढलेली, कधीतरी खोल भाजलेली. त्या डागाच्या कडेला एक वाकडी निळी रेघ तेवढी वाचली होती. विंचवाची नांगी.

“बाबा, हे काय?” मुलीने विचारलं. तिने तो हात जन्मात कधी उघडा पाहिला नव्हता.

“विंचू होता. कॉलेजात असताना गोंदवलेला.” साहेब फरशीशी बोलत होते. “पहिली नोकरी लागली. तिथले साहेब म्हणाले, सोमवारी हात स्वच्छ दिसला पाहिजे, नाहीतर येऊ नकोस. रविवारी मी इस्त्री तापवली.”

मुलीने तोंडावर पदर धरला. साहेबांनी मान वर केली तेव्हा त्यांचा आवाज जवळजवळ मायेचा होता.

“म्हणून तर तुम्हाला बाही आणून दिली, सिस्टर. मला तेवढीही कुणी दिली नव्हती.”

सिस्टरने नळ सोडला आणि साबण पुढे केला. त्या हाताकडे बघून तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. राग मात्र तसूभरही उतरला नाही. उलट वाढला.

“म्हणजे कसं वाटतं ते तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “ठाऊक असून केलंत.”